आनंदाभाऊंचा कापूस

मी धंद्याने चुका काढणारा माणूस आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासायचे आणि त्यांत कुठे काय बिघडलंय ते शोधून द्यायचं, हे माझं काम. एकवीस वर्षं तेच केल्यामुळे घरीही ती खोड लागली. शारदा, म्हणजे माझी बायको, म्हणते की मी आमटी आधी तपासतो आणि मग जेवतो. अशा माझ्यासारख्याला अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच माणूस भेटला, ज्याच्या कामात खोट काढता येईना. तो म्हणजे जांब्यातले आनंदा ओव्हाळ. पुढे खोट सापडली, आणि सापडली तेव्हा मी त्यांच्या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही अशी शपथही घेतली. ती शपथ नऊ दिवस टिकली.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आनंदाभाऊंचं ‘सम्यक जेन्ट्स पार्लर’ आहे. दोन खुर्च्या, त्यातली एक कायम वर्तमानपत्रांनी अडवलेली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली निळा बल्ब, आणि त्याच्याही खाली सात भाषा बोलणारं गिऱ्हाईक. आयटीतली पोरं कुठून कुठून येतात, पण आनंदाभाऊ सगळ्यांशी मराठीतच बोलतात आणि सगळ्यांना ती कळते. वय अठ्ठावन्न, अंगाने काटकुळे, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, अंगात बँकेतल्या कारकुनासारखा पांढरा शर्ट. तोंड मात्र अखंड चालू. खुर्चीतल्या माणसाला मान हलवून ‘हो’सुद्धा म्हणता येत नाही, याचा ते पुरेपूर फायदा घेतात.

त्यांची सगळी कथा मी त्या खुर्चीतच ऐकली. मूळ गाव भरे, पिरंगुटजवळचं. त्यांच्या लहानपणी गावच्या न्हाव्याचा वस्तरा बौद्धवस्तीतल्या डोक्यांना लागत नसे. वस्तीतले बाप्ये एकमेकांचे केस कात्रीने कसेबसे कापायचे आणि उंदराने कुरतडल्यासारखे दिसायचे. आनंदाभाऊंचे वडील रस्त्याच्या कामावर होते. त्यांना या प्रकाराचा भारी राग. एका रविवारी त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून वस्तरा आणला, परसातला भोपळा तोडला, त्याला साबणाचा फेस लावला आणि शिकायला बसले.

“पयले सा भोपळं जखमी झालं,” आनंदाभाऊ सांगायचे. “सातवा गुळगुळीत निघाला. त्याची भाजी सगळ्या वस्तीनं खाल्ली. आन आठवा भोपळा म्हंजी मी.”

तेव्हापासून दर रविवारी समाजमंदिराच्या ओट्यावर त्यांचे वडील वस्तीतली डोकी करायचे, एक पैसाही न घेता. म्हातारपणी नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. डोकं करून झालं की कापसाचा एक पुंजका त्यावरून अलगद फिरवायचा. एखादा केस राहिला असेल तर कापसाचा धागा तिथे अडकतो. डोळ्याला न दिसलेला केस कापसाला सापडतो. आनंदाभाऊंनी पिरंगुटच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं काढली, तो बंद पडल्यावर वस्तरा हातात घेतला आणि त्याबरोबर बापाचा कापूसही घेतला. या कापसापायीच माझी आणि त्यांची गाठ पडली.

दोन वर्षांपूर्वी मिटिंगमध्ये बोलता बोलता मला ‘मंगळवार’ हा शब्द सापडेना. सोमवारनंतर काय येतं ते खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. आठ दिवसांत कळलं की मेंदूत डाव्या बाजूला गाठ आहे आणि ती फार वाईट जातीची आहे. ऑपरेशन झालं, किरणं झाली, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की ही गाठ काढली तरी परत येते, आपण फक्त तिला उशीर करायला लावायचा. हॉस्पिटलात एका यंत्राची चाचणी चालू होती, तिच्यात माझं नाव बसलं.

यंत्र म्हणजे पाठीवर वागवायची सव्वा किलोची पिशवी. तिच्यातून वायरी निघतात आणि डोक्याला चिकटवलेल्या चार पांढऱ्या पट्ट्यांत शिरतात. प्रत्येक पट्टीत नऊ चकत्या. या चकत्यांमधून मेंदूत विजेचं क्षेत्र तयार होतं आणि ते सेकंदाला दोन लाख वेळा दिशा बदलतं. शॉक बसत नाही, फक्त डोकं जरा गरम लागतं. पट्ट्या आठवड्यातून दोनदा बदलायच्या आणि यंत्र दिवसाचे निदान अठरा तास चालू ठेवायचं. झोपेतसुद्धा. म्हणजे चोवीसातले पंचाहत्तर टक्के. यंत्र स्वतःचे तास स्वतःच मोजतं आणि महिन्याच्या शेवटी हॉस्पिटलातला मनीष नावाचा तंत्रज्ञ ते वाचून आकडा सांगतो. पंचाहत्तरच्या वर जितकं जास्त तितकं बरं, खाली गेलं तर पिशवी नुसती वागवल्यासारखी.

अट एकच, डोकं तुळतुळीत पाहिजे. कुठे खुंट राहिले की पट्टी उचलली जाते, यंत्र पीं-पीं करतं आणि बंद पडतं.

पहिल्या वेळी शारदाने इलेक्ट्रिक शेव्हर घेऊन दोन तास खटपट केली. शेवटी माझं डोकं अर्धवट नांगरलेल्या वावरासारखं दिसायला लागलं आणि ती रडायला लागली. मग मी खाली उतरून सलून शोधत फिरलो. टाक्यांची खूण आणि वायरी बघून तीन दुकानदारांनी हात जोडले. चौथे आनंदाभाऊ.

“ह्यात करंट हाय का?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“मला लागंल?”

“नाही. कापताना बंद असतो.”

“मग बसा की. उभं का?”

नर्सने पातं लावायला मनाई केली होती, रक्त आलं तर त्या जागी चकती ठेवता येत नाही म्हणून. आनंदाभाऊंना हा अपमान वाटला. “रगत काढायला डॉक्टर हायेत, आमी न्हाई,” असं म्हणत त्यांनी आधी ट्रिमर आणि मग शेव्हर असा फिरवला की चाळीस मिनिटांत डोकं अंड्यासारखं झालं. मग कापूस निघाला. कानामागे तो एकदा अडकला, तिथे पुन्हा शेव्हर, पुन्हा कापूस. मी बघतच राहिलो. स्वतःच्या कामाची अशी तपासणी करणारा माणूस मला एकवीस वर्षांत माझ्या कंपनीत भेटला नव्हता.

तेव्हापासून बुधवार आणि शनिवार, सकाळी साडेसहा, दुकान उघडायच्या आधी. शारदा बेबी ऑइल लावून जुन्या पट्ट्या सोडवायची, आनंदाभाऊ डोकं करायचे, आणि शारदा तिथेच नव्या पट्ट्या लावायची, म्हणजे तास कमी बुडावेत.

हे यंत्र गाठीचं नेमकं करतं काय, हा प्रश्न त्यांना दुसऱ्याच बुधवारी पडला. मी सांगितलं की कॅन्सरची पेशी वाढते म्हणजे एकीच्या दोन होतात. दोन व्हायच्या वेळी ती आतला ऐवज बारीक दोऱ्यांनी दोन बाजूंना ओढते. नेमकं तेव्हाच हे विजेचं क्षेत्र त्या दोऱ्या नीट लागू देत नाही, आणि पेशी धड एक राहत नाही, धड दोन होत नाही. पुष्कळदा मरते.

“म्हंजी वाटणी व्हऊ देत न्हाई,” आनंदाभाऊ म्हणाले. मुळशीतल्या माणसाला वाटणी समजावून सांगावी लागत नाही. “मोजणीची साखळी अंथरली, आन कुनीतरी ती सारखी हिकडून तिकडं वढतंय. आसंच ना?”

“असंच.”

“आन चांगल्या पेशींला काय व्हत न्हाई?”

“मेंदूतल्या चांगल्या पेशी सहसा दोन होतच नाहीत.”

“मग त्यांचं बरं हाय. एकत्र कुटुंब.”

मी ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली. ते इतके हसले की पुढच्या पेशंटला त्यांनी तीच सांगितली म्हणे.

पहिल्या महिन्याचा आकडा आला एक्याऐंशी. आम्ही तिघांनी दुकानातच वडापाव खाल्ले. आनंदाभाऊंनी दोन खाल्ले, आणि ‘गंगूबाईला सांगू नका’ अशी ताकीद दिली. जगात ते फक्त बायकोला भितात.

त्याच आठवड्यात सांगोल्याहून फोन आला. आमचं गाव तिकडचं. माझे वडील, कुशाबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांना हृदयाचा झटका आला होता. वय त्र्याऐंशी. मला जाता येईना, पिशवी घेऊन एवढा प्रवास डॉक्टरांनी नको म्हटलं. पाच दिवसांनी आबा घरी आले, अशक्तपणामुळे हात जरा थरथरतो एवढंच मागे राहिलं. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि माझ्या तासांकडे वळलो.

आणि तास हातातून निसटायला लागले. पट्ट्या लावून दोन-तीन तास झाले की मागच्या पट्टीची वरची कड उचलली जायची आणि यंत्र ओरडायचं. जेवताना ओरडायचं, झोपेत ओरडायचं. शारदा पट्टी दाबून धरायची, चिकटपट्टी लावायची, पुन्हा सुरू करायची. दुसऱ्या महिन्याचा आकडा आला चौसष्ट.

मनीषने तो कागद माझ्यापुढे उलटा ठेवला, तेव्हाच मी समजलो. डॉक्टरांनी आवाज न चढवता सांगितलं की पुढच्या महिन्यातही पंचाहत्तर भरले नाहीत, तर मला चाचणीत ठेवून उपयोग नाही, यंत्र परत करावं लागेल. मला फार भीती वाटली. त्या पिशवीला मी रोज शिव्या द्यायचो, पण तीच काय ती माझ्या आणि गाठीच्या मध्ये उभी होती.

घरी येऊन मी नेहमीचं शस्त्र काढलं, म्हणजे तक्ता. काय बिघडलंय, कधीपासून, काय बदललं. घाम येतो म्हणून पंखा वाढवला. उशी बदलली. टोपी टाकून दिली. तेल नीट पुसलं जात नसेल म्हणून शारदाशी भांडलो. पट्ट्यांच्या खोक्यांवरचे नंबर ताडून पाहिले. सगळं निर्दोष. आनंदाभाऊंचं काम तपासायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण तिथे कापूस होता.

मग तिसऱ्या महिन्यातल्या पहिल्याच बुधवारी मी खुर्चीत बसून समोरच्या आरशात कापसाकडे बघत होतो. तो कपाळावरून गेला, दोन्ही कानांमागून गेला, मानेवरून वर आला, आणि टाळूच्या मागे जिथे शेंडी असते तिथे येऊन उचलला गेला. तेवढी जागा सोडून पुढे टेकला. माझ्या धंद्यातला पहिला धडा हाच आहे की जी जागा कुणी तपासत नाही, बिघाड तिथेच बसलेला असतो.

आणखी एक गोष्ट त्याच क्षणी लक्षात आली. कुठलाही न्हावी काम झालं की मागे छोटा आरसा धरून पाठीमागचं दाखवतो. आनंदाभाऊ सगळ्यांना दाखवतात. मला मात्र महिनाभर दाखवला नव्हता.

“आरसा द्या,” मी म्हणालो.

“टकलात काय बघायचंय, साह्येब?”

“द्या म्हणतो ना.”

आनंदाभाऊंनी शारदाकडे पाहिलं. शारदाने जमिनीकडे पाहिलं. मी हात मागे नेला आणि बोटांना खुंट लागले. रुपयाएवढ्या जागेवर, तांदळाच्या दाण्याएवढे उंच केस.

हकीकत अशी होती. आमच्यात बाप जिवंत असताना मुलाचं पूर्ण डोकं करत नाहीत. ते बापाच्या दहाव्याला करायचं. माझं डोकं पहिल्यांदा तुळतुळीत झालं आणि महिन्याभरात आबांना झटका आला. माझ्या आईने, तुळजाबाईने, दोन्हींची सांगड घातली. तिने आधी शारदाला शपथ घातली आणि मग शारदाकडून नंबर घेऊन थेट आनंदाभाऊंना फोन केला. तिचं म्हणणं असं, की शेंडीपुरते चार केस ठेवले की पूर्ण क्षौर होत नाही आणि तिचा धनी वाचेल. मला कळलं तर मी ऐकणार नाही, म्हणून मला सांगायचं नाही.

“तुमचा तर असल्या गोष्टींवर विश्वास नाही!” मी आनंदाभाऊंवर ओरडलो.

“न्हाईच. माझा बाप गेला तवा आमी डोकीबिकी काय केली न्हाईत.”

“मग?”

“म्हातारी रडत व्हती, साह्येब. चार केसांनी काय व्हतंय, मला वाटलं. आन माझा एक नेम हाय, डोकं कसं पायजे ते इचारूनच करायचं. आमच्या लोकांला कुनी कदी इचारलं न्हाई, म्हून मी इचारतो.”

“डोकं माझं! आणि विचारलंत कुणाला? माझ्या आईला!”

आनंदाभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शारदा रडत म्हणाली की पट्टी केसांवर दाबली की बसेल असं तिला वाटलं होतं, आणि आकडा आला त्या दिवसापासून तिला सांगायचं होतं, पण आबांचं काही झालं असतं तर आईंनी तिला जन्मभर माफ केलं नसतं. मी दोघांनाही वाट्टेल ते बोललो. त्यातलं निम्मं आज आठवलं की लाज वाटते. निम्मं अजूनही बरोबर वाटतं.

शनिवारी मी दुसऱ्या सलूनमध्ये गेलो. तिथल्या माणसाने माझं काही ऐकून न घेता पातं चालवलं आणि कानाच्या वर चांगलाच काप पाडला, तसा मी टाळूचं मागचं तसंच ठेवून उठलो. नर्सने फोनवर सांगितलं, सुकेपर्यंत तिथे चकती नको. एक पट्टी नाही म्हणजे यंत्रच नाही. शनिवार गेला, रविवार गेला. यंत्र टेबलावर मुकाट पडलं होतं आणि घरात पहिल्यांदाच शांतता होती. त्या शांततेत मला झोप आली नाही. शारदाने तीन-चारदा विचारलं की आनंदाभाऊंकडे जाऊ या का. मी नाही म्हटलं. पुढच्या बुधवारी कापावर खपली धरली, तेव्हा तिनेच शेव्हर हातात घेतला, पण आईच्या शपथेपायी शेंडीची जागा तिच्याने होईना आणि डोकं धड झालं नाही. दिवसभर यंत्र थांबत-थांबत चाललं.

गुरुवारी सकाळी मी सगळा राग आईवर काढला. फोनवर किंचाळलो की तुझ्या चार केसांपायी मी मरेन. ती म्हणाली, “मला नवराबी पायजे आन ल्योकबी. मी काय करू, तूच सांग.”

मी फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात आबा. धोतर, टोपी, हातात पिशवी. झटका येऊन दीड महिना झालेला माणूस सांगोल्याहून एसटीने स्वारगेटला उतरून, तिथून विचारत विचारत जांब्यापर्यंत आला होता. फोनवरची माझी बोंब त्यांनी पलीकडून ऐकली होती. त्याआधी त्यांना कुणीच काही सांगितलेलं नव्हतं.

“माझ्या नावाचं केस कुटं ठिवल्यात?” त्यांनी विचारलं.

पाणीसुद्धा न पिता आम्हाला घेऊन ते खाली उतरले. मी शपथ घेऊन बरोबर नऊ दिवस झाले होते. आनंदाभाऊ एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. आबांना बघताच त्यांनी ओळखलं, कसं कुणास ठाऊक. गिऱ्हाईक संपवलं, दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली आणि आबांना बसवलं.

“नाव काय तुमचं?” आबा म्हणाले.

“आनंदा ओव्हाळ.”

आबांच्या पिढीला आडनाव ऐकलं की पुढचं सगळं कळतं. आमच्या घरात आजीच्या काळी कोणाला कुठून पाणी द्यायचं ते ठरलेलं होतं आणि आबा त्याच घरात वाढले. ते आता काय बोलतात या धास्तीने मी मनातल्या मनात माफी मागायची तयारी करत होतो. आबांनी कापसाच्या डब्याकडे पाहिलं.

मग म्हणाले, “आमच्या गावचा न्हावी लई रगत काढायचा बगा.”

आनंदाभाऊ खो-खो हसले. आबाही हसले.

“आता आसं करू,” आबा म्हणाले. “ज्याच्यापायी केस ठिवलं त्यानंच काढलं, तर कुनाचं काय जातंय? द्या ती मशीन.”

शारदाने पट्ट्या सोडवल्या आणि मी खुर्चीत बसलो. कानावरचा काप सुकला होता. आबांनी ट्रिमर हातात घेतला, पण हात थरथरत होता. दोनदा माझ्या टाळूजवळ आणून त्यांनी मागे घेतला. “लागंल रं पोराला,” ते म्हणाले.

आनंदाभाऊ मागे येऊन उभे राहिले. “धरू का हात?”

“धरा की.”

आबांच्या हातावर आनंदाभाऊंचा हात आला आणि ट्रिमर सरळ चालला. समोरच्या आरशात मला दोघांचे हात दिसत होते, एक काळा, सुरकुतलेला, आणि त्याच्यावर एक पावडर लागलेला. मला रडू आलं. मान हलवायची नसते म्हणून मी तसाच समोर बघत रडलो. आनंदाभाऊंनी मग आबांच्याच हातात कापूस दिला आणि तो टाळूवरून सरळ निघून गेला. शेवटी त्यांनी छोटा आरसा काढून माझ्या मागे धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

आबांनी तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर. “तुळजा, काढलं केस. मी जित्ता हाय. च्या सांगितलाय.”

“आज काढलं,” आई म्हणाली. “पन परत यायचंच की. मग तवा?”

ही बाई माझ्या कंपनीत असती तर माझी नोकरी गेली असती. आबांनी विचार केला. “मग तवा मी फोन करीन. मी हाय म्हून सांगीन आन काढा म्हनीन. माझ्या सांगन्याबिगर मशीन लावायची न्हाई. झालं का समाधान?”

“त्ये वचन त्या न्हाव्याकडून पायजे,” आई म्हणाली.

“दिलं, आई,” आनंदाभाऊ म्हणाले.

त्या महिन्याचा आकडा सत्याहत्तर आला. आधी बुडालेले सगळे तास धरून. मनीषने कागद सुलटा ठेवला. मी चाचणीत राहिलो, पुढचा स्कॅन जैसे थे आला, त्याच्या पुढचाही. पुढचं मला माहीत नाही आणि डॉक्टरांनाही माहीत नाही.

तेव्हापासून दर बुधवारी आणि शनिवारी साडेसहाला आनंदाभाऊंचा फोन वाजतो. “हाय मी. काढा.” एवढंच, फोन बंद. कधीकधी पाऊसपाणी विचारतात, मग मीच ओरडतो की आबा, माझे तास चाललेत.

गेल्या शनिवारी साडेसहा वाजले, फोन नाही. शारदाने पट्ट्या सोडवल्या होत्या, यंत्र बंद होतं. सहा पस्तीस. आनंदाभाऊ हातात ट्रिमर घेऊन उभे. शारदाने सांगोल्याच्या घरी फोन लावून पाहिला, कुणी उचलत नव्हतं. सहा चाळीस झाले.

“लावा मशीन,” मी म्हणालो. “तुमचा तर विश्वास नाही.”

“न्हाईच.”

“मग?”

“बोललोय म्हातारीला.” त्यांनी ट्रिमर हातातच ठेवला. पण मीही मान पुढे केली नव्हती, ताठ बसलो होतो. तासांचा हिशेब ठेवणारा मी, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं टाळत होतो. त्या दुकानात त्या वेळी कुणाचाच कशावर विश्वास नव्हता आणि तिघांपैकी एकही जण हलत नव्हता.

सहा बेचाळीसला फोन वाजला. आनंदाभाऊंच्या हातून तो जवळजवळ पडलाच.

“म्हस सुटली हुती,” आबा धापा टाकत म्हणाले. “पार वढ्यापत्तुर गेली. तुझी आई बी मागं, मी बी मागं.”

“आबा, तुम्हाला पळायला सांगितलंय का डॉक्टरांनी?” मी ओरडलो. “बारा मिनिटं गेली माझी!”

“आरं हाय मी. आनंदा, काढ.”

आनंदाभाऊंनी चष्मा नीट केला, डोळे शर्टाच्या बाहीला पुसले आणि मशीन लावली. चाळीस मिनिटं ते एक शब्द बोलले नाहीत, जे त्यांच्या बाबतीत कधीच घडत नाही. शेवटी डब्यातून कापूस काढला, कपाळापासून मानेपर्यंत फिरवला, आणि शेंडीच्या जागेवरून दोनदा फिरवला.